सॅन फ्रान्सिस्कोजवळचे महायुद्धकाळातले ओसाड तोफमोर्चे बघायचे आहेत. आत जाता येतं का? काय काळजी घ्यावी?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की सहा महिन्यांसाठी बे एरियात आहात, सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर फिरण्याची सवय आहे, आणि अंधाऱ्या काँक्रीटच्या बोगद्यांचे फोटो बघून मरीन हेडलँड्सला जायचं ठरवलंय.

जाता येतं. गोल्डन गेट पूल ओलांडला की डाव्या हाताच्या टेकड्या म्हणजे हेडलँड्स. १९७२ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आहे. प्रवेशशुल्क नाही, परवाना नाही. जेवढं उघडं आहे तेवढंच एका दिवसाला पुरून उरतं. जिथे कुलूप आहे किंवा दार वेल्ड केलंय, ते सोडून द्या. ते का, ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. तोफा बघायला जाल तर निराश व्हाल, कारण मूळच्या तोफा नाहीत. काही युद्ध चालू असतानाच काढल्या गेल्या, उरलेल्या १९४८ च्या सुमारास भंगारात गेल्या. विमानं आली, १९५० साली अमेरिकेने किनारी तोफखान्याचं दलच मोडीत काढलं, आणि मग क्षेपणास्त्रं आली. या बंदराच्या तोफांनी शत्रूवर एकही गोळा झाडला नाही. घारापुरीच्या टेकडीवर इंग्रजांच्या तोफा अजून जागच्या जागी आहेत, तसं इथे नाही. इथे तोफ गेली आणि तिच्याभोवतीचं यंत्र राहिलं. म्हणून माझा सल्ला असा: दोन वाटा धरून बघा, एक आकड्याची आणि दुसरी गोळ्याची. जहाज कुठे आहे हा आकडा तोफेपर्यंत कसा पोचत होता, आणि गोळा कोठारातून नळीत कसा जात होता. या दोन वाटा डोक्यात असल्या की प्रत्येक भोक, प्रत्येक कडी, छतातला प्रत्येक रूळ काहीतरी सांगतो. नाहीतर सगळीकडे तेच राखाडी काँक्रीट आणि तीच रंगवलेली नावं.

(‘बॅटरी’ शब्दाने गोंधळू नका. तिथल्या पाट्यांवर ‘बॅटरी’ म्हणजे तोफांचा मोर्चा. हातातल्या बॅटरीला मी इथे टॉर्च म्हणतो.)

आकड्याची वाट सुरू होते निरीक्षण चौक्यांपासून. कड्याच्या काठाला अर्ध्या जमिनीत पुरलेली, समुद्राकडे आडवी फट असलेली छोटी काँक्रीटची खोली दिसली की ती चौकी समजा. आपल्या तटातल्या जंग्या मारा करण्यासाठी असतात, ही फट मात्र फक्त बघण्यासाठी. आत मधोमध खांबाचा बुंधा दिसेल. त्यावर कोन मोजणारी दुर्बीण बसवलेली असे. एकट्या चौकीचा उपयोग थोडा. दोन चौक्यांमधलं अंतर आधीच काटेकोर मोजून ठेवलेलं, ठरावीक सेकंदांनी घंटा वाजायची, आणि त्या ठोक्याला दोन्हीकडचे निरीक्षक एकाच जहाजाचा कोन वाचून टेलिफोनवर सांगायचे. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण पुरा. शाळेत केलेली त्रिकोणमिती ती हीच.

हे आकडे आतल्या आलेखन खोलीत जायचे. तिथे जहाजाचा मार्ग मांडायचा आणि मग ते पुढे कुठे असेल ते काढायचं. लांबच्या माऱ्यात गोळा मिनिटभर तरी हवेत असतो, आणि वीस नॉटने जाणारं जहाज तेवढ्यात सहाशे मीटर सरकतं. त्यात वारा, भरती-ओहोटी, तोफेच्या दारूचं तापमान आणि पृथ्वीचं फिरणं यांची दुरुस्ती. हे सगळं करून तोफेला दोनच गोष्टी कळवायच्या: नळी किती फिरवायची आणि किती उचलायची. तोफखान्यातल्या माणसांना जहाज डोळ्यांनी दिसायची गरजच नव्हती.

चौक्या बघायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे म्यूर बीच ओव्हरलूक. गाडी लावून काही पावलांवर, पायऱ्या उतरून आत डोकावता येतं. दक्षिणेकडे हायवे एकवर डेव्हिल्स स्लाइडजवळ एक चौकी फार प्रसिद्ध आहे. भोवतालची माती काढून टाकल्यामुळे ती उघड्या सुळक्यावर टांगल्यासारखी दिसते, म्हणून फोटोत छान येते. ती खासगी जमिनीवर आहे आणि खालची माती अजून झिजतेच आहे. तिच्यावर चढू नका. रस्त्याकडून दिसते तेवढी पुरे.

आता मोर्चे. कॉन्झेलमन रोडने वर जाताना पहिली लागते बॅटरी स्पेन्सर. १८९७ मधलं काम, १२ इंची (म्हणजे नळीच्या तोंडाचा व्यास तेवढा) तीन तोफांसाठी. ९० टक्के माणसं इथे पुलाचा फोटो काढायला येतात आणि खालच्या दारूकोठारांकडे बघतही नाहीत. या काळातल्या मोर्चात कोठार खाली आणि तोफ वर असे, म्हणून गोळा वर चढवावा लागे. त्याची उभी भोकं शोधा. भिंतीतल्या जाड लोखंडी कड्या दोर अडकवून जड सामान ओढण्यासाठी. तोफेच्या जागी बोल्टांचं मोठं वर्तुळ उरलंय.

पुढे हॉक हिल. इथल्या मोर्चाला नाव मिळालंच नाही, फक्त बांधकाम क्रमांक आहे: १२९. दुसऱ्या महायुद्धात १६ इंची दोन तोफांसाठी टेकडी पोखरली, नळ्या वर आणूनही ठेवल्या, आणि बसवायच्या आधीच काम थांबवलं. त्यामुळे हा मोर्चा पूर्ण झालेल्यांपेक्षाही जास्त शिकवतो, कारण यंत्रसामग्री बसण्याआधीचा सांगाडा तसाच दिसतो. तोफेच्या तोंडावर पुढे आलेलं जाड काँक्रीटचं छप्पर बघा, वरून पडणारा बाँब अडवायला ते होतं. बोगदा उघडा असेल तर आत जा, जाळी लावलेली असेल तर बाहेरूनच बघा. माथ्यावरचे चौथरे नंतरच्या काळातले, नाइके क्षेपणास्त्रांच्या रडारचे. लोक दोन्ही एकच समजतात.

हॉक हिलनंतर रस्ता एकेरी होतो आणि एकदम खाली कोसळतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिकलाही ‘एल’ किंवा तत्सम पर्याय असतो. फक्त ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात. तळाशी बॅटरी मेंडेल आणि बॅटरी वॉलेस जवळजवळ आहेत, आणि मला विचाराल तर या जोडीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

दोन्हीकडे तोफा १२ इंचीच होत्या. मेंडेल १९०५ चा, ‘लपणाऱ्या’ तोफांचा. बार उडाला की धक्क्याने तोफ मागे-खाली येऊन भिंतीआड जायची, आणि त्याच धक्क्याने जड प्रतिवजन वर उचललं जायचं. भिंतीआड सुरक्षितपणे पुन्हा भरायची, अडकण सोडली की प्रतिवजन खाली आणि तोफ वर. मेंडेलमधले खोल खड्डे त्या प्रतिवजनासाठी होते. हुशारी मोठी, पण या गाड्यावर (तोफ ज्यावर बसवतात त्या सांगाड्यावर) नळी फार वर उचलता येत नसे, म्हणून पल्ला मर्यादित. दरम्यान लढाऊ जहाजांच्या तोफा लांब पल्ल्याच्या झाल्या. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला वॉलेस बांधला: १२ इंचीच तोफ, पण नळी ३५ अंशांपर्यंत उचलणारा गाडा, आणि पल्ला एकदम सुमारे २७ किलोमीटर. मात्र ती तोफ उघड्या चौथऱ्यावर होती. मग विमानांची भीती वाढली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर काँक्रीटचं तोफघर चढवलं. आज वॉलेसला गेलात की जुना गोल चौथरा आणि नंतरचं छप्पर यांचा सांधा डोळ्यांनी शोधता येतो. काँक्रीटचा रंग आणि फळ्यांचे ठसे वेगळे आहेत. तोफघरांच्या मोकळ्या भागात शिरता येतं, कोठारं मात्र बंद आहेत.

आणि मग टाउनस्ली. रोडिओ बीचच्या पार्किंगपासून जुन्या लष्करी रस्त्याने वीसेक मिनिटांची चढण. १९४० मध्ये पहिली तोफ चाचणीसाठी डागली गेली. १६ इंची दोन तोफा, साधारण २,१०० पौंडांचा म्हणजे साडेनऊशे किलोचा गोळा, पल्ला ४० किलोमीटर. सरळ रेषेत सीएसएमटीहून ठाण्याच्याही पलीकडे. या तोफा मुळात नौदलाच्या. १९२२ च्या वॉशिंग्टन करारामुळे ज्या मोठ्या युद्धनौका बांधायच्या राहून गेल्या, त्यांच्यासाठी केलेल्या नळ्या लष्कराला मिळाल्या. खाडीच्या पलीकडे, शहराच्या नैऋत्य टोकाला असलेल्या फोर्ट फन्स्टनमधला बॅटरी डेव्हिस हा टाउनस्लीचा जुळा भाऊ, पण तो बंद आहे.

इथे गोळ्याची वाट पूर्ण दिसते. इथे कोठार आणि तोफ एकाच पातळीवर, डोंगराच्या आत. लांब मार्गिका, बाजूला गोळ्यांच्या खोल्या, दारूच्या खोल्या वेगळ्या, मध्ये वीजघर. छताकडे मान वर करून चाला. डोक्यावरून एक रूळ जातो, त्यावर साखळी-कप्पी लटकवून गोळा तोफेपर्यंत सरकवत नेत. दारूच्या खोल्या कोरड्या ठेवणं ही स्वतंत्र डोकेदुखी होती. समुद्राची दमट हवा थंड काँक्रीटला लागली की भिंतींना घाम फुटतो, आणि दारू दमट झाली की गोळ्याचा वेग बदलतो आणि वरचं सगळं गणित वाया. हवा खेळवण्याचे झरोके आणि जमिनीतल्या पन्हळी त्यासाठी आहेत.

टाउनस्ली आतून एरवी बंद असतो. स्वयंसेवक तो महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी १२ ते ४ उघडतात. बाहेर ठेवलेली प्रचंड नळी २०१२ मध्ये आणलेली, ‘मिसूरी’ युद्धनौकेची, जिच्यावर जपानने शरणागतीवर सही केली तीच नौका. ही टाउनस्लीची मूळ तोफ नव्हे, पण तोंडाचा व्यास तोच.

दुसरी तोफ पुलाच्या अलीकडे, बेकर बीचवरच्या बॅटरी चेंबरलिनमध्ये. ६ इंची, लपणारी. मूळच्या गेल्या, ही १९७० च्या दशकात आणून बसवली. महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी ११ ते ३ या वेळात ती वर-खाली करून दाखवतात. मेंडेलचे रिकामे खड्डे बघण्याआधी हे बघितलंत तर खड्ड्यात काय हलत होतं ते कळतं. म्हणजे पहिला रविवार धरला तर असं जमतं: ११ ला चेंबरलिन, पूल ओलांडून एकपर्यंत टाउनस्ली, मग वॉलेस-मेंडेल, आणि उजेड उरला तर हॉक हिल. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर वेळा तपासा, स्वयंसेवकांवर चालणारी गोष्ट आहे, बदलू शकते. गाडी नसेल तर शहरातून रोडिओ बीचपर्यंत बस चालू आहे का, तेही तपासा.

ऋतूबद्दल: आपल्या हिशोबाने उन्हाळा म्हणून जून-जुलैत जाल तर धुक्यात हात समोर दिसणार नाही आणि दात वाजतील. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात स्वच्छ. धुक्याचा त्रास तेव्हा तोफखान्यालाही होताच. म्हणून चौक्या वेगवेगळ्या उंचीवर बांधल्या, आणि युद्धाच्या काळात रडार आलं.

आता काय बिघडतं, ते.

सगळ्यात मोठा धोका अंधाराचा नाही, पडण्याचा आहे. मोर्चाच्या माथ्यावर गवत असतं आणि ते सरळ कड्याशी संपतं. खाली दहा-पंधरा फूट, कठडा नाही. असला तरी त्याच्यावर भार टाकू नका, खारी हवा पाइप आतून खाते. वरचा रंग शाबूत दिसतो आणि आत काही नसतं. खोल्यांमध्ये जमिनीतली झाकणं चोरीला गेलेली असतात. आत पाणी साचलेलं असेल तर त्यात पाय घालू नका, तळ इंचभर खाली आहे की दोन मीटर, ते वरून कळत नाही. टॉर्च दोन ठेवा, त्यातली एक डोक्याला बांधायची, दोनशे ल्युमेन पुरे. फोनचा दिवा ही टॉर्च नव्हे. चालताना उजेड समोर नाही, पायापुढे तीन पावलांवर.

दुसरं छत. मुंबईत समुद्राजवळच्या इमारतींमध्ये सळया फुगून स्लॅबचे पोपडे पडतात, इथे तेच. लोखंड गंजलं की मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा घेतं आणि काँक्रीट आतून फोडतं. जुन्या मोर्चांच्या छतात लोखंडी तुळया आहेत, त्यामुळे पडणारा तुकडा तळहाताएवढा नसतो. कसं ओळखायचं: तुळईच्या रेषेत तपकिरी ओघळ, सरळ रेषेतली चीर, आणि खाली जमिनीवर ताजे, कडा धारदार असलेले तुकडे. चुन्याच्या पांढऱ्या लोंबत्या कांड्या दिसल्या तर पाणी झिरपतंय एवढाच अर्थ, त्याने लगेच घाबरू नका. ताजे तुकडे दिसले तर तिथे उभं राहून फोटो काढू नका.

कुलपाबद्दल आता. बंद खोल्या फक्त कायद्यासाठी बंद नाहीत. वर्षानुवर्षं हवा न खेळलेल्या, पाणी साचलेल्या, गंजत्या लोखंडाच्या खोलीत प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि त्याला वास नसतो. चक्कर येते तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय जुन्या रंगात शिसं आणि पाइपांच्या वेष्टनात अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. खरवडू नका, ओढू नका. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर तिथे धूळ उडवू नका आणि डबा उघडून बसू नका, कॅलिफोर्नियात त्यातून हान्टा विषाणूची लागण होते.

तिसरी गोष्ट आपल्या माणसांना सांगितली की लगेच कळते. इथे पॉइझन ओक नावाचं झुडूप सगळीकडे आहे, तीन-तीन पानांचं, कोवळं असताना चकचकीत, शरद ऋतूत लालभडक. ते बिब्ब्याच्या कुळातलं आहे. ज्यांना बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकाने तोंड येतं, त्यांनी जास्त जपावं. हिवाळ्यात पानं गळतात, पण काड्यांमध्येही तेच तेल असतं. पूर्ण बाह्या, लांब पँट, आणि वाट सोडायची नाही. लागलंच तर लवकरात लवकर भांड्यांच्या साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, कारण ते तेल आहे, नुसत्या पाण्याने जात नाही. कपडे आणि बुटांच्या नाड्यासुद्धा वेगळ्या धुवा. नाड्यांवरचं तेल दुसऱ्या आठवड्यात हाताला लागतं आणि मग माणूस विचार करत बसतो की आता कुठून आलं.

गोचिडी गवतात असतात. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेशी, केसांत तपासा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावणं, जळती काडी लावणं हे प्रकार नकोत, त्याने ती उलट आत ओकते.

वाट न सोडण्याचं आणखी एक कारण: मिशन ब्लू नावाचं संकटग्रस्त फुलपाखरू इथे ल्युपिनच्या झाडांवर अंडी घालतं, आणि ती झाडं नेमकी मोर्चांभोवतीच्या उतारांवर आहेत.

नियम थोडक्यात. ड्रोन नाही, मेटल डिटेक्टर नाही, गंजका खिळासुद्धा घरी न्यायचा नाही. हे सगळं संघराज्याच्या कायद्याखाली येतं, आणि तुम्ही व्हिसावर असाल तर नसतं लचांड कशाला. गाडीत बॅग, लॅपटॉप, जॅकेटसुद्धा दिसेल असं ठेवू नका, पार्किंगमध्ये काच फोडणं इथे नेहमीचं आहे. डिकीत ठेवायचंच असेल तर निघतानाच ठेवा, पार्किंगमध्ये उतरून सगळ्यांदेखत नको.

भिंतींवर रंगाचे थर आहेत. त्याने वैतागू नका, थराखाली बघा. दारांच्या वर स्टेन्सिलने काढलेली जुनी अक्षरं, खोलीचा क्रमांक किंवा ‘धूम्रपान मनाई’ यासारखं काही, तिरक्या उजेडात दिसतं. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा.

परतताना कॉन्झेलमन रोडने उलटं जाता येत नाही. बंकर रोडवरच्या बोगद्यातून निघा. तो एकपदरी आहे आणि सिग्नल पाच मिनिटांचा, तेव्हा घाईत असाल तर वेळ धरून चला. २,३६४ फूट लांबीचा हा बोगदासुद्धा पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत लष्करानेच पाडलेला आहे.